निवडुंगाच्या माळावर रुजलेला नांगर

सांगली मागे टाकून रेल्वे पुण्याच्या दिशेने निघाली की काही वेळाने किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी येथे कुंडल रोड नावाचा आडवाटेचा थांबा होता आणि त्याच्या आसपास निवडुंगाने व्यापलेला ओसाड माळ. १९१० सालच्या मार्चमध्ये चाळिशी ओलांडलेला एक गृहस्थ आपला भाऊ, काही सहकारी, कामगार आणि त्यांचे कुटुंबकबिले घेऊन या माळावर उतरला. सोबत काही यंत्रे होती, उसने भांडवल होते आणि ज्याला म्हणावे तसे गिऱ्हाईक मिळालेले नाही असा एक लोखंडी नांगर होता. या गृहस्थांचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

महाराष्ट्रातील आद्य उद्योजक म्हणून लक्ष्मणरावांचे नाव आज आदराने घेतले जाते. त्यांच्या यशाची कहाणी मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. परंतु १० मार्च १९१० या दिवसापूर्वीचे लक्ष्मणराव त्या मानाने कमी परिचित आहेत. स्वतःचा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या तरुणांपुढे आजकाल एक प्रश्न हमखास ठेवला जातो. तुमच्या आयुष्याचे ध्येय काय, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे आणि मगच कामाला हात घातला पाहिजे, असा एकूण सूर असतो. त्यासाठी शिबिरे भरतात, पुस्तके खपतात. लक्ष्मणरावांना हाच प्रश्न वयाच्या सोळाव्या, विसाव्या आणि तिसाव्या वर्षी कोणी विचारला असता, तर प्रत्येक वेळी निराळे उत्तर मिळाले असते.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी २० जून १८६९ रोजी त्यांचा जन्म झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. अशा घरातील मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळची रीत. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. त्यांचा ओढा चित्रकलेकडे आणि हाताने काही घडवण्याकडे होता. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळामुळे १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

म्हणजे पहिले ध्येय चित्रकार होण्याचे होते. ते दोन वर्षेच टिकले. काही रंगांतील फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे लक्ष्मणरावांच्या ध्यानात आले. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठी आपत्ती कोणती? मेहनतीने भरून निघेल अशी ही उणीव नव्हती. त्यांनी रंग बाजूला ठेवले आणि रेषा हाती ठेवली. यंत्रांचे आराखडे काढण्यास रंगांची गरज पडत नाही. तेथे लागतो तो अचूक हात आणि वस्तू आतून कशी जोडलेली आहे हे पाहणारी नजर. या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचे व्हीजेटीआय, ही संस्था त्या वेळी नवी होती. तेथे यांत्रिक रेखाटन शिकवणारे साहाय्यक शिक्षक म्हणून दरमहा ४५ रुपयांवर त्यांची नेमणूक झाली.

या नोकरीच्या काळाकडे चरित्रकारांचे काहीसे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखकास मात्र लक्ष्मणरावांच्या साऱ्या जडणघडणीचे मूळ याच वर्षांत दिसते. शिकवण्याचे तास संपले की त्यांचा दिवस संपत नसे. संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे होती. ती चालवून पाहण्यास, खोलून पाहण्यास शिक्षकाला कोणाची आडकाठी नव्हती. रेखाटन शिकवणाऱ्याने हाताला तेल-काजळी लावून घ्यावी, अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. लक्ष्मणरावांनी ती लावून घेतली. विदेशी यांत्रिक नियतकालिके ते बारकाईने वाचत आणि वाचलेले कार्यशाळेत ताडून पाहत. त्यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. नोकरीच्या उरलेल्या वेळात, वर्षानुवर्षे, त्यांनी ती विद्या हातानेच मिळवली. वेळेच्या सदुपयोगाविषयी त्यांनी काही शास्त्र मांडल्याचे ऐकिवात नाही. संध्याकाळी ते कार्यशाळेत जात, एवढेच.

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर एक पारशी गृहस्थ सायकलवरून जाताना त्यांनी पाहिला. ते वाहन त्या वेळी नवलाईचे होते. लक्ष्मणरावांनी बेळगावातील रामूअण्णांशी संधान बांधून १८८८ साली सायकलविक्रीचा व्यवसाय सुरू केला. दुकानाच्या पाटीवर नाव लागले ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. मुंबईत लक्ष्मणरावांनी सायकली विकत घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि तेथे रामूअण्णांनी त्या विकायच्या, शिवाय घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे, अशी ही वाटणी होती. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये आणि शिकवणीचे शुल्क १५ रुपये. लक्ष्मणरावांच्या पगाराशी ताडून पाहिले म्हणजे या आकड्यांचा अर्थ लागतो. एका सायकलसाठी त्यांचा पंधरा ते बावीस महिन्यांचा पगार पडला असता, आणि सायकल शिकवण्याच्या शुल्कात त्यांच्या दहा दिवसांच्या कमाईची बरोबरी होत होती.

व्यवसाय सुरू झाला म्हणून त्यांनी नोकरी सोडली नाही, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. हातची नोकरी झुगारून उडी घेणाऱ्यांच्या कथा ऐकण्यास रोमहर्षक असतात आणि वृत्तपत्रेही (आम्ही धरून) त्या मोठ्या हौसेने छापतात. लक्ष्मणरावांनी अनेक वर्षे एक पाय पगारावर आणि दुसरा दुकानावर ठेवला होता. बेळगावातील बाजू सांभाळणारा रामूअण्णांसारखा भाऊ नसता तर हे जमले नसते, हेही तितकेच खरे. किर्लोस्करांच्या उद्योगाचे श्रेय देताना या थोरल्या भावाचे नाव बहुधा दुसऱ्या ओळीत येते. तो उद्योग दोन भावांचा होता, हे पाटीवरच लिहिलेले होते.

मग नोकरी सुटली कशी? बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क असलेली जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्या काळच्या सरकारी आणि निमसरकारी संस्थांत हे नवे नव्हते. असंख्य हुशार हिंदी माणसांनी हा अपमान गिळून निवृत्तिवेतनापर्यंत मजल मारली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बेळगावला परतले. दुसरे दार असे बंद झाले.

बेळगावात सायकलचे दुकान होतेच. पण दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकण्यात त्यांचे समाधान होईना. आपण काही घडवावे, ही जुनी ओढ होती. काय घडवावे, हे ठरलेले नव्हते. येथे त्यांनी जे केले ते वरकरणी साधे आहे. त्यांनी भोवताली पाहिले. भोवताली शेतकरी होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांनी तो पिचलेला होता. जनावरांना वैरण मिळणे दुरापास्त झालेले होते. ज्वारीचा कडबा जनावरापुढे अख्खा टाकला की त्यातील कोवळा भाग खाल्ला जातो आणि बुडखे वाया जातात. तोच बारीक कापून घातला तर नासाडी टळते. कडबा कापण्याचे यंत्र, ज्याला आज आपण कडबाकुट्टी म्हणतो, ही लक्ष्मणरावांची पहिली निर्मिती ठरली. एका लहानशा कार्यशाळेत तिचा जन्म झाला.

त्यापाठोपाठ आला लोखंडी नांगर. दख्खनच्या काळ्या जमिनीत हराळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर जातात. लाकडी नांगराने जमीन वरवर उकरली जाते, ती उलटी होत नाही. मुळे तळाशी शाबूत राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा माजतात. लोखंडी नांगर माती कापतो आणि पालथी घालतो. विलायतेहून असे नांगर येत होते, पण ते थोड्यांनाच परवडणारे होते. तसा नांगर येथेच तयार करावा, असे लक्ष्मणरावांनी मनावर घेतले. लोखंडाचे ओतकाम, फाळाचा आकार, बैलाला पेलेल असे वजन, अशी एकेक अडचण त्यांनी सोडवली. नांगर तयार झाला.

आणि तो कोणी घेईना. पहिला लोखंडी नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. किर्लोस्करांवरील बहुतेक लेखनात या समजुतीचा उल्लेख शेतकऱ्याच्या अज्ञानाचा नमुना म्हणून येतो आणि विषय तेथेच संपतो. तो तेथे संपवणे अन्यायाचे होईल. लाकडी नांगर गावातला सुतार घडवून देई, फाळ गावातला लोहार शेवटून देई आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी दोघांना बलुते मिळे. रोख पैशाचा प्रश्न येत नसे आणि नांगर मोडला तर दुरुस्ती गावातच होई. कारखान्यातला नांगर घ्यायचा म्हणजे रोकड मोजायची, आणि ऐन नांगरटीत तो मोडला तर परगावच्या कारखान्याकडे डोळे लावून बसायचे. दुष्काळाने कंबर मोडलेल्या माणसाने असा धोका पत्करण्यास कचरावे, यात नवल ते कोणते? विषाची समजूत खोटी होती, पण तिच्या आड दडलेली भीती अगदीच निराधार नव्हती.

लक्ष्मणरावांना हे उमगले असावे, असे त्यांच्या पुढील वागण्यावरून दिसते. त्यांनी नांगर सोडून दुसऱ्या वस्तूकडे मोर्चा वळवला नाही आणि शेतकऱ्याला दूषणेही देत बसले नाहीत. नांगर शेतात चालवून दाखवणे, तक्रार ऐकणे, त्याप्रमाणे सुधारणा करणे, सुटे भाग पुरवणे या मार्गाने त्यांनी एकेक गिऱ्हाईक जोडले. याच वर्षांत कधी तरी त्यांच्या कामाला नेमकी दिशा आली. चित्रकार व्हायचे होते, ते राहिले. सायकली विकून झाल्या होत्या. शेतकऱ्याच्या हाती येथेच घडवलेले चांगले अवजार पडले पाहिजे, ही गोष्ट विकल्या न गेलेल्या नांगराने त्यांना शिकवली. त्यानंतर ती सुटली नाही.

इतक्यात तिसरा आघात झाला. बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीच्या योजनेसाठी कारखान्याची जागा ताब्यात घेतली आणि लक्ष्मणरावांना तेथून उठावे लागले. वय चाळिशीचे. पदरी बायकामुले. शांतनुराव हे चिरंजीव तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांचे. यंत्रे होती, पण ती ठेवण्यास छप्पर नव्हते. नोकरीचे दोर त्यांनी दशकभरापूर्वीच कापले होते. या क्षणी लक्ष्मणराव एखाद्या संस्थानात किंवा गिरणीत पगारावर रुजू झाले असते तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते, आणि मग आज त्यांच्यावर लेख लिहिण्याचे कारणही उरले नसते.

दरम्यान औंध संस्थानात त्यांनी एका मंडपाच्या बांधकामाचे काम अंगावर घेतले होते. १९०९ साली औंधच्या गादीवर आलेले भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कलांचे मोठे भोक्ते होते. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारा राजा म्हणून पुढे त्यांची ख्याती झाली. लक्ष्मणरावांची अडचण त्यांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी आपल्या संस्थानात कुठलीही जागा निवडण्याची मुभा दिली आणि १० हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकरांची पडीक जमीन. पाहणाऱ्याला ही निवड वेडेपणाची वाटावी. पिण्याच्या पाण्याची ददात, निवडुंगाचे रान आणि त्यात सापांचा सुळसुळाट. पण जमिनीला लागून रेल्वेचा रूळ होता. कच्चे लोखंड आणि कोळसा यायचा तो रेल्वेनेच आणि नांगर जायचा तोही रेल्वेनेच. कसदार जमीन शेतकऱ्याला हवी असते. कारखानदाराला रूळ हवा होता.

सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन वसाहत सुरू झाली. पहिले काम निवडुंग तोडण्याचे होते. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी अंगावर घेतला. लक्ष्मणरावांनी गोळा केलेली माणसे पाहिली की आजच्या नोकरभरतीच्या कल्पनांना धक्का बसतो. शंभूराव जांभेकर हे अनेक कामांत हात घालणारे अभियंते होते. परीक्षेत अपयश पदरी पडलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले, विक्रेते झाले आणि प्रसंगी कायदेशीर सल्लागारही. हिशेबाची बाजू मंगेशराव रेगे यांच्याकडे होती. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ निघाले. आणि वसाहतीच्या राखणीस कोण होते? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेली ही दोन माणसे. काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा ज्या काळात अमलात होता, त्या काळातील ही नेमणूक आहे. त्या दोघांनी वसाहत विश्वासाने राखली. शिवाय या वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मज्जाव होता. वेदान्ती घराण्यातून आलेल्या माणसाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत असा नियम घालणे म्हणजे नातेवाईकांचा आणि सोयऱ्यांचा रोष ओढवून घेणे होते.

किर्लोस्करवाडीची सुरुवातीची वर्षे सुखाची नव्हती. कारखाना जेमतेम मार्गी लागतो तोच १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. परदेशी मालाची आयात आटली, तसेच लोखंड, कोळसा आणि रंग यांचीही टंचाई निर्माण झाली. लढाईने विलायती नांगरांची आवक रोखली. त्यामुळे देशी नांगराला मागणी आली, आणि तो घडवण्यास लोखंड मिळेना. गिऱ्हाईक नाही म्हणून दोन वर्षे थांबलेल्या माणसाला आता माल नाही म्हणून थांबण्याची वेळ आली. त्या प्रसंगी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या. तोफांचे लोखंड वितळले आणि त्याचे नांगर झाले. ज्या संस्थानिकांची आठवण आपण विलासासाठी काढतो, त्यांतील दोघांचा हातभार या एका कारखान्याला लागलेला आहे.

युद्ध संपले तेव्हा नांगराची शंका फिटलेली होती. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पुढे पाण्याचे पंप वाडीतून बाहेर पडू लागले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजेच शं. वा. किर्लोस्कर, यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. कारखान्याची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवण्याच्या हेतूने निघालेल्या त्या पत्रिकेचे रूपांतर ‘किर्लोस्कर’ मासिकात झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे तिला मिळाली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांचे वाचन या मासिकांवर पोसले गेले. नांगराच्या कारखान्यातून साहित्याचा असा पाट निघाल्याचे दुसरे उदाहरण निदान मराठीत तरी आठवत नाही.

शांतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन वाडीला परतले. वडिलांनी कार्यशाळेत संध्याकाळी शिकलेली विद्या मुलाने जगातील अग्रगण्य संस्थेत शिकून आणली होती. पुढील विस्तार हा मुख्यतः त्यांचा. हरिहर येथील म्हैसूर किर्लोस्कर १९४१ साली, पुण्याची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स आणि बंगळूरची किर्लोस्कर इलेक्ट्रिक या दोन कंपन्या १९४६ साली उभ्या राहिल्या. ते सारे स्वतंत्र लेखाचे विषय आहेत. लक्ष्मणरावांनी कारभार पुढच्या पिढीच्या हाती वेळेवर सोपवला, एवढे येथे पुरे. घडवलेली वस्तू सोडून देणे हेही प्रत्येक संस्थापकाला साधत नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली, जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जूनला, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड हे नाव रेल्वेच्या वेळापत्रकातून केव्हाच गेले आणि त्या जागी किर्लोस्करवाडी आले. नगरपालिकेने जेथून त्यांना उठवले त्या बेळगावातही, रामूअण्णा ज्या रस्त्यावर सायकली विकत आणि चालवायला शिकवत, तो रस्ता आज किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.